राखाडी गाडी पोचवायची होती

दार लोटून घ्या रे पोरांनो. कडी नको, नुसतं लोटा. आणि तो मोबाइल खिशात ठेव बाळा, उजेडात मला बोलता येत नाही.

भुताची म्हणाल तर भुताची, पण ही घडलेली आहे. ज्याच्या बाबतीत घडली तो माणूस अजून आहे, इथून दोन गल्ल्या पलीकडे राहतो. त्याला विचारायला जाऊ नका, तो सांगायचा नाही. मला सांगितली त्याच्या थोरल्या भावानं, तीही एकदाच. आणि शेवटचं जे आहे, ते मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं.

मी तेव्हा त्यांच्याकडे गाड्या धुवायला होतो. जुन्या गाड्या घ्यायच्या, धुऊन-पुसून विकायच्या, असा त्यांचा धंदा. वर घर, खाली पत्र्याची शेड, शेडमध्ये आठ-दहा गाड्या. बाप गाडी पारखायचा. दार उघडून नुसतं लावायचा आणि आवाजावरून सांगायचा की ही कुठं ठोकलेली आहे. थोरला गिऱ्हाइकाशी बोलायचा. धाकट्याकडे कागद. गाडी एकाच्या नावावरून दुसऱ्याच्या नावावर करायची, सह्या आणायच्या, ते सगळं तो बघायचा. मी अंगठेबहाद्दर, मला त्यातलं काही कळत नसे. पण एक कळायचं. दोघे भाऊ एकमेकांना पाण्यात बघायचे.

"सकाळपासून एक गाडी हलली नाही तुझ्याच्यानं," धाकटा म्हणायचा.

"तुझे कागद तयार असतील तेव्हा हलेल ना," थोरला म्हणायचा.

बाप वरच्या गॅलरीतून ओरडायचा, "भांडायचं तर आत भांडा, गिऱ्हाईक बघतंय!" आणि आत गेले की दोघेही गप्प.

एकदा दोन माणसं राखाडी गाडी घेऊन आली. सख्खे भाऊ. गाडी त्यांच्या वडिलांची. वडील दवाखान्यात होते, आज-उद्याचे सोबती. गाडी मात्र अशी राखलेली की धुवायला मला काही उरलंच नव्हतं. मी म्हटलं, "वडिलांनी फार जपली हो." तर मोठा म्हणाला, "आम्हाला कधी हात लावू दिला नाही. स्टेअरिंग म्हणजे त्यांचा तिसरा मुलगा. तू पाणी मार." असं तोडून बोलला.

त्यांना घाई होती. म्हातारा सहीआधी गेला असता तर गाडी वारसांच्या भानगडीत अडकली असती, सहा महिने हलली नसती. धाकट्यानं कागद उचलले आणि संध्याकाळी दवाखान्यात गेला. तासाभरात परत आला.

बापानं विचारलं, "शुद्धीवर होता?"

"मग! माझ्याशी बोलला की."

"काय बोलला?"

"काय बोलणार? नीट चालवा म्हणाला."

म्हातारा त्याच दिवशी गेला, हे आम्हाला दुसऱ्या दिवशी कळलं. बापानं कागद मागून घेतले, सहीवर बोट फिरवलं. धाकटा म्हणाला, "सही आधी, मरण नंतर. कागद चोख आहेत. अजून काय पाहिजे तुम्हाला?"

आठवड्यात गाडीला गिऱ्हाईक लागलं. लांबच्या गावचा एक मास्तर. त्याला शुक्रवारी पहाटे पाचला बायका-पोरं घेऊन प्रवासाला निघायचं होतं, त्याच्या आत गाडी दारात हवी होती. म्हणून नोव्हेंबरातल्या त्या गुरुवारी रात्री साडेदहाला दोघे भाऊ निघाले. गाडी पोचवायची म्हणजे दोन गाड्या लागतात. एक द्यायची, एक परत यायची. पुढं राखाडी गाडीत धाकटा, मागं आपल्या गाडीत थोरला. रस्ता काळोखाचा, म्हणून फोन लावून स्पीकरवर ठेवला.

तासभर काही नाही. नेहमीचंच.

"दादा, पाय दाब जरा. झोपलास का?"

"तू पुढं बघ. गाडी दुसऱ्याची आहे."

"झाली की आपली."

पावणेबाराला पेट्रोल पंपावर थांबले. धाकट्यानं पेट्रोल भरलं, थोरल्यानं चहा घेतला, एकमेकांशी बोलले नाहीत. पुन्हा निघाले. पंपाचा उजेड मागं गेला, तेव्हा थोरल्याला आपल्या दिव्यांच्या झोतात पुढच्या गाडीची मागची काच दिसली. काचेत एक डोकं. त्याला वाटलं, सीटची उशी असेल. असते तशी.

मग उशीनं मान वळवली.

"कुणाला बसवलंस रे?" थोरल्यानं विचारलं.

"कुठं?"

"गाडीत. पंपावरून कुणाला घेतलंस?"

"वेड लागलंय का तुला? एकटा आहे मी."

"मागे कोण बसलंय?"

फोनवर नुसती गाडीची घरघर... मग धाकटा म्हणाला, "दादा, असली चेष्टा नको."

"आरशात बघ."

"कुणी नाही," तो म्हणाला. पण आवाज खाली आला होता. "कुणी नाही रे... पण आरसा मी रस्त्यावर लावला होता. आता त्यात मागची सीटच दिसतेय."

"थांब. गाडी बाजूला घे."

"घेतो."

गाडी बाजूला झाली नाही. उलट पुढंच जायला लागली. थोरल्यानं वेग वाढवला, तरी अंतर वाढतच होतं. मागचे लाल दिवे, ब्रेक दाबला की लागतात ते, एकदाही लागले नाहीत.

"ब्रेक दाब!"

"दाबतोय! दाबतोय दादा!"

"स्टेअरिंग..."

"गार पडलंय. बर्फासारखं. दादा... माझ्या हातावर हात आहे."

पोरांनो, त्या रस्त्यावर पुढं कालव्याचा पूल आहे. पुलाच्या आधी काटकोनातलं वळण. तिथं सरळ गेलं की खाली तीस फूट. थोरला त्या रस्त्यानं शंभरदा गेला होता. पूल दोन मैलांवर होता, आणि पुढची गाडी वाऱ्यासारखी चालली होती. भांडण कितीही असो, पाठचा भाऊ होता तो. मला सांगताना थोरला म्हणाला, "मी रडायला लागलो."

"काय केलंस तू?" तो फोनवर ओरडला. "काय केलंस त्याचं? सांग!"

"सही..."

"काय सही?"

"तो गेला होता रे... मी गेलो तेव्हाच गेला होता. त्याची पोरं दारात उभी होती. म्हणाली, नर्स यायच्या आत उरक. मी पेन त्याच्या बोटांत धरलं... बोटं वळत नव्हती..."

"मला नको सांगू! त्याला सांग!"

पुढची गाडी वळणाकडे सुटलेली.

मग धाकट्याचा आवाज आला. लहान पोरासारखा.

"बाबा... हात तुमचा होता. जोर माझा होता."

थोरल्याला फोनवर श्वास ऐकू आला. धाकट्याचा नव्हे. सावकाश. घरघरता.

मग टक्. सीटचा पट्टा लावल्याचा आवाज.

आणि गाडीचा वेग उतरला. वळणाच्या आधी उजव्या बाजूचा दिवा लुकलुकला. त्या रस्त्यावर, त्या वेळी, कुणासाठी?... गाडी वळली. अगदी हळू. अगदी बेतानं. जुना, सवयीचा माणूस वळवतो तशी. पूल ओलांडून कडेला उभी राहिली. इंजिन बंद. दिवे बंद.

थोरला धावत गेला. पुढचं दार उघडलं.

चालकाच्या जागी कुणी नव्हतं. पट्टा मात्र लावलेला. रिकाम्या सीटवर, ताणलेला... आत कुणी बसलं असावं तसा.

धाकटा मागच्या सीटवर होता. गुडघे पोटाशी घेऊन. चालत्या गाडीत तो मागं कसा गेला, कुणाला माहीत. थोरल्यानं त्याला ओढून बाहेर काढलं. धाकटा एकच वाक्य बोलला.

"म्हणाला, मागे बस."

पहाटे तीनला दोघे एकाच गाडीतून घरी आले. राखाडी गाडी दिवसा क्रेननं आणली, चालवायला कुणी तयार नव्हतं. मास्तराला दुसरी गाडी दिली. बापानं सगळं ऐकून घेतलं. कागद फाडले. मग म्हणाला, "मढ्याच्या टाळूवरचं लोणी आपल्या घरात आलं होतं तर." आणि स्वतः त्या म्हाताऱ्याच्या घरी गेला, गाडी घ्या म्हणायला. त्या मुलांनी दार उघडलं नाही. खिडकीतून म्हणाले, "आमचा काही संबंध नाही. पुन्हा आलास तर पोलिसांत देऊ."

धाकट्यानं धंदा सोडला. आता गल्लीतल्या दुकानात बसतो. खाली मान घालून बसतो.

काय रे, तू का हसतोस? काका, तुम्ही काय पाहिलं, हेच ना?

तिसऱ्या दिवशी बाप मला म्हणाला, "गाडी धुऊन ठेव, पडून राहिली तरी स्वच्छ राहू दे." मी धुतली. समोरची काच राहिली होती. चालकाच्या बाजूला, वरच्या अंगाला, एका पंजाचा ठसा होता. मोठा, म्हाताऱ्या माणसाचा, सुरकुत्यांच्या रेघा मोजता याव्या असा. मला वाटलं आतून आहे. आत बसून फडकं मारलं. निघेना. मग बाहेरून. साबण लावला, नखानं खरवडलं. निघेना.

तीस वर्षं मी काचा पुसल्यात, पोरांनो. समोरची काच एक नसते. दोन काचा एकमेकींना चिकटवून केलेली असते, मध्ये सुईसुद्धा जात नाही. ठसा आतल्या अंगाला नव्हता, बाहेरच्याही नव्हता.

दोन्हींच्या मध्ये होता. आणि बोटं खाली होती, मेलेल्याचा लोंबता हात कुणी धरून दाबावा तशी.