आकाशातून पडलेली मोहीम

"आजही बार उडवतायत? ही माणसं थकत कशी नाहीत?" गच्चीवर पडल्या पडल्या फिलुमेना पुटपुटली.

माल्टाच्या त्या गावात संताच्या उत्सवाचा आठवडा चालू होता. दुपारी बार, रात्री बँड, त्यात आफ्रिकेकडून येणारा दमट वारा. फिलुमेना, तिचा भाऊ जिलोर्मू आणि मावसभाऊ रोक्कू, कुणालाच धड झोप मिळाली नव्हती.

वर धडाडधूम झालं. जळक्या कागदाचे कपटे तरंगत खाली आले. रोक्कूनं आळसावून एक उचलला.

"अगं, हे हातानं लिहिलंय."

फिलुमेना शाळेत लॅटिन शिकत होती. "ही लढाऊ गलबतं... हे शिपाई..." दुसऱ्या कपट्यावर साल होतं, सोळाशे चौतीस. ती उठून बसली. "कुणीतरी जुन्या मोहिमेचा इतिहास आकाशात उडवतंय!"

बार बनवायचे नार्दूमामा. तिघं उन्हातून पाय ओढत त्यांच्या शेडकडे गेली. मामा दारात झाडाखाली बसून खळ लावून कागदाच्या नळकांड्या वळत होते. जागरणानं डोळे लाल. शेजारी अर्धं फाडलेलं चामडी बांधणीचं बाड.

"मामा, हे कुठून आणलंत?"

"आपल्या पाद्र्यांनी, दून सल्वूंनी, चर्चची कपाटं रिकामी केली, रद्दी मला दिली. पळा आता, दारूजवळ पोरं नकोत."

"अहो, तीनशेच्या वर वर्षं जुनं आहे ते."

"मग चांगलं वाळलं असेल."

तिघं रस्त्यावर आली. जिलोर्मू भिंतीला टेकला. भिंतीवर गावातल्या दुसऱ्या बँडच्या गेल्या महिन्यातल्या उत्सवाची पोस्टरं होती. मामांच्या बँडचं आणि त्या बँडचं जन्माचं वैर.

"ताई," तो म्हणाला, "हा कागदही जाडच आहे की."

नखं दुखेपर्यंत त्यांनी पोस्टरं सोलली आणि मामांपुढे नेऊन टाकली.

"त्यांच्या अध्यक्षांचा फोटोपण आहे," रोक्कू साळसूदपणे म्हणाला. "बदल्यात ती रद्दी द्या."

मामा अध्यक्षांच्या मिशांकडे बघत राहिले. मग गालात हसले. "हा उद्या सगळ्यांत उंच जाणार. न्या ती रद्दी."

तिघांनी ते बाड चर्चमध्ये नेलं. दून सल्वूंनी पानं उलटली आणि ते वाचतच खाली बसले.

"मी न बघताच देऊन टाकलं रे हे. गलबतावरच्या पाद्र्यानं लिहिलंय. निघण्याची पानं गेली, लढाईची गेली. परतीचा प्रवास तेवढा उरलाय." त्यांनी बोट ठेवलं. "पाणी संपलंय. वल्ही मारणारे गुलाम एकेक करून मरतायत, आणि हा प्रत्येकाचं नाव लिहितोय. त्या बिचाऱ्यांची नावं दुसरं कोण लिहिणार होतं? तुम्ही नसतात, तर उद्या हीसुद्धा धूर झाली असती. शाबास, बाळांनो. आम्हा मोठ्यांना जे दिसलं नाही..."

त्यांनी मान वर केली. बाकावर तिघं एकमेकांवर कलंडून गाढ झोपली होती.

बाहेर बँड जवळ येत होता. दून सल्वूंनी उठून खिडकी लावून घेतली आणि हळू आवाजात ती नावं वाचायला घेतली.