चुकांचा डाव

तेजलने वीस पुठ्ठ्यांवर वीस प्रश्न सुवाच्य अक्षरांत लिहून खेळ सिद्ध केला होता. शेजारच्या बळवंत आजोबांनी त्यांतल्या एकाही प्रश्नाचे उत्तर दिले नाही.

पत्नी निवर्तल्यापासून आजोबा शिरगावच्या आपल्या ओट्यावर एकटेच समुद्राकडे पाहत बसत. त्यांचा भाचा प्रफुल्ल बोईसरहून येई आणि विचारी, "मामा, आज वार कोणता? माझं नाव काय?" आजोबा तोंड फिरवीत. "स्मरणशक्ती गेली," असा निर्वाळा त्याने देऊन टाकला होता. येत्या रविवारी तो त्यांना बोईसरच्या वृद्धाश्रमात नेणार होता. त्यांना बोलते करायला तेजलच्या हाती दिवाळीच्या सुट्टीतले चारच दिवस उरले होते.

"तुझा खेळ म्हणजे घटक चाचणी आहे," पुण्याहून आलेला आतेभाऊ भावेश म्हणाला. मग अंगणात बांबूंवर वाळणाऱ्या बोंबलांकडे पाहून त्याने विद्वानाच्या थाटात सांगितले, "हे शेपटीला दोरी बांधून टांगतात."

"शेपटीला?" मागून खर्जातला आवाज आला. "कोणी शिकवलं रं तुला? जबड्यात जबडा अडकवायचा, न् जोडी टाकायची बांबूवर. दोरी कशाला लागते?"

आजोबाच बोलले होते.

तेजलच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. प्रश्न विचारला की माणूस परीक्षेला बसतो. चूक ऐकली की मात्र त्याला राहवत नाही. तिने सगळे पुठ्ठे उलटले आणि पाठीवर एकेक धडधडीत चूक लिहिली. नियम एकच होता : चूक सुधारील त्याने पुढची चूक सांगायची.

दुसरा गडी समोरच्याच घरात होता. गुडघ्यांपायी सुलू आजींनी वर्षभरात उंबरा ओलांडला नव्हता.

"आजी, बोंबील दोन तासांत वाळतात ना?" तेजलने जाऊन विचारले.

"दोन तासांत? दोन दिवस कडक ऊन लागतं."

"आजोबा तीन दिवस म्हणतात."

"तो काय सांगतो? जन्म गेला बोटीवर. वाळवले आमी बायकांनी."

"मग तुम्हीच सांगा त्यांना."

"या गुडघ्यांनी?"

भावेशने खुर्ची आधीच उचलली होती. चाळीस पावले चालताना आजी तीनदा टेकल्या. भांडायला मात्र ताज्या दमाने पोचल्या.

रविवारी प्रफुल्ल चालकासह गाडी घेऊन आला, तेव्हा ओट्यावर वाद रंगात आला होता.

"याच्या लग्नात पाऊस पडला," आजी मुद्दाम म्हणत होत्या.

"पाऊस नाय, मांडव पडला. तुझ्याच भावानं बांधलेला."

प्रफुल्ल थिजून उभा राहिला. "मामा, तुम्हाला सगळं आठवतं? मग मला उत्तर का देत नव्हतात?"

"तुझ्या प्रश्नाचं उत्तर तुला ठावं असतं," आजोबा शांतपणे म्हणाले. "मग माझं काय काम?"

प्रफुल्लची मान खाली गेली. तेजलने त्याच्यासाठी जागा केली आणि खेळाचा नियम सांगितला. तो बसला.

"मी… मी लहानपणी मामांच्या बोटीवर कधी गेलोच नाही."

"नाय कसा? तीनदा आलास," आजोबांचे डोळे चमकले, "न् तिनी वेळा ओकलास."

सुलू आजींनी हसता हसता तेजलच्या पाठीवरून हात फिरवला. "या पोरीनं बोंबलांसारखी आमची तोंडं जुळवली," त्या म्हणाल्या.

गाडी रिकामीच परतली. प्रफुल्ल शेवटच्या बसने गेला, असे भावेशने एका नव्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवले आहे. ते चुकीचे आहे. तो त्या दिवशी मुक्कामाला राहिला आणि गाडी चालकाने नेली.