पुढच्या सीटचा पट्टा

चावी घे सुजय, पण भाड्याच्या गाडीला मोबाइलवर द्यायचे ते स्टार लगेच मागू नको. लाइट गेलीय तर तो कंदील जरा जवळ ओढ. विशालच्या फोटोचा हार नंतर बदल, तुझा भाऊ काय रागवायचा नाय. आधी माझं ऐक.

गाडी झक्कास हाय, कबूल. दिसते लहान, पण डिकीत बाळंतिणीचं अख्खं बिऱ्हाड मावलं. खड्ड्यांत पोट घासलं नाय. एसी तर एवढा गार, की आमची बायको, प्रतिक्षा, मागून ओरडली, "बंद करा ओ, पोरीला सर्दी होईल!" पोरगी केवढी, तर ओंजळीएवढी. जन्मल्यापासून रोह्याच्या दवाखान्यात काचेच्या पेटीत होती. आज डॉक्टर म्हणाले, न्या घरी, एकदा मोठ्यानं रडली की चिंता मिटली. तोवर तिचं हूं की चूं नव्हतं. एवढासा जीव नीट घरी पोचवायचा, दुसरं काय सुचतच नव्हतं मला.

दवाखान्याच्या फाटकातून बाहेर पडलो आणि माझ्या शेजारचं सीट वाजायला लागलं. टिंग टिंग टिंग. पट्टा लावा म्हणून.

"पिशवी ठेवलीस काय गो पुढं?"

"नाय ओ. सगळं डिकीत हाय."

हात फिरवून बघितलं. सीट रिकामं. शिव्या घातल्या तुझ्या गाडीला, खोटं कशाला बोलू? अष्टमी गावचा पूल मागं पडला तरी टिंग टिंग चालूच.

भिसे खिंडीत शिरलो तेव्हा दिवस कलला होता. दोन्ही बाजूंनी झाडी, रस्त्यावर चिटपाखरू नाय. काचा वर होत्या, आणि आत वास आला... मिठागराचा. उन्हात तापलेल्या चिखलाचा, खारट. माझ्या बापाच्या अंगाला यायचा तसा.

"तुम्हाला पण येतोय?" प्रतिक्षानं हळूच विचारलं.

माझा बाप, जनू, पावसाळ्यात त्याच दवाखान्यात वारला, तुला ठाऊक हाय. नातवंडाची भारी हौस त्याला. गावात उधाणाचं पाणी भरलेलं, म्हणून तिकडंच रोह्यात अग्नी दिला. आय अजून म्हणते, तुझा बाप दवाखान्यात गेला तो घरी आलाच नाय.

आवाजानं डोकं उठलं. शेवटी वळणाच्या अलीकडं गाडी कडेला घेतली आणि रिकाम्या सीटला पट्टा लावला. खट्. आवाज बंद.

तेवढ्यात वळणावरून टँकर आला. अख्खा आमच्या बाजूनं, भोंगा दाबून, सुसाट. आमची गाडी नुसती हलली. थांबलो नसतो तर त्याच वळणात असतो रे! पोरगी आपली गाढ झोपलेली.

मग पट्ट्याकडं नजर गेली. पट्टा सीटला टेकलेला नव्हता. कोणाच्या तरी छातीवरून गेल्यासारखा पुढं ताणलेला. प्रतिक्षानं पण बघितलं. पोरीवर पदर ओढला आणि एवढंच म्हणाली, "हळू चालवा... त्यांना जोरात चालवलेलं आवडायचं नाय."

घरी आयनं भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि मायलेकींना आत घेतलं. मी गाडी द्यायला निघालो, तर पट्टा निघेना. बटण दाबून दाबून अंगठा दुखला. आयला हाक मारली. आमची इंदुबाई पाल बघितली तरी घर डोक्यावर घेते. पण ताणलेला पट्टा बघून तिनं नुसता पदर सारखा केला. मग मलाच खेकसली, "यांना तसंच बसवून ठेवलंस होय रे मेल्या?"

आत जाऊन दुसरा तुकडा आणला. त्या रिकाम्या सीटवरून ओवाळला आणि म्हणाली, "उतरा आता. नात आलीय."

खट्.

पट्टा आपोआप सुटला. सर्रकन नाय गेला, हळूहळू गेला, कोणी हातानं धरून सोडावा तसा. आणि आतून पोरगी रडली. अशी मोठ्यानं, की शेजारचे धावत आले! मी गाडीला टेकून ढसाढसा रडलो. लाज कसली?

म्हणून पाचच्या पाच स्टार. आवाजाची तक्रार नाय.

काय म्हणतोस? त्या सीटची वायर तूच काढून ठेवलीस? गणपतीपासून वाजलंच नाय ते?

थांब... चावी तुझ्या हातात हाय. गाडी बंद हाय. मग बाहेर हे काय वाजतंय?

ऐकतोयस ना?

सुजय, विशाल धाटावच्या कंपनीतून शिफ्ट सुटल्यावर येताना वाटेतच अपघातात गेला. त्याला पण सरळ नदीवरच्या स्मशानातच नेलं होतं ना तुम्ही? घरी नव्हतं आणलं...

अरे, पळतोस काय! घरी आईला फोन लाव. म्हणावं, भाकरीचा तुकडा काढून ठेव. आणि तू जा, पट्टा लाव त्याला.