भिंतीवर राहिलेला हात

डोळे मिटून घ्या, नाहीतर केस आत जातील. आणि मी सांगेपर्यंत उघडू नका. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, हा माझा उजवा हात परत कसा आला ते.

अर्धांगाचा झटका येऊन गेला, त्यानंतर पाय सावरला. जीभ तर आधीपेक्षा जास्त चालायला लागली. हात मात्र ओल्या टॉवेलसारखा लोंबकळत राहिला. डॉक्टरांनीही हात टेकले. कात्रीच धरता येत नाही म्हटल्यावर हे दुकान ठेवून काय करणार? पलीकडच्या गल्लीतल्या न्हाव्याला किल्ली द्यायचं ठरवलं. आयुष्यभराचं काम एका किल्लीसरशी संपणार होतं, आणि मला रडूसुद्धा येत नव्हतं.

किल्ली द्यायच्या आदल्या दुपारी ताई आली. माझी थोरली बहीण. तिला नाही म्हणायची सोय नाही.

"ऊठ. संग्रहालयात उजेडाचं कायसंसं प्रदर्शन लागलंय. घरातल्या भिंतीकडे बघत बसतेस, त्यापेक्षा तिथली बघ."

बाहेर रखरखीत ऊन होतं. आत पाऊल टाकलं आणि डोळ्यांत बोट घातलं तरी दिसेना. ताज्या रंगाचा वास, आणि कुठूनतरी बारीक गुणगुण. एका दालनात सगळं निळं, दुसऱ्यात तांबडं. ताई आपली हसतेय. शेवटच्या खोलीत नुसती एक कोरी भिंत होती.

"भिंतीकडे पाठ करून उभ्या राहा," तिथला पहारेकरी म्हणाला. "लख्ख उजेड पडेल, मग वळा. तुमची सावली भिंतीवर तशीच राहील. मिनिटभरात विरते." एवढं सांगून तो बाहेर गेला.

उजेड पडला, विझला. आम्ही वळलो. भिंत हिरवट चमकत होती आणि तिच्यावर दोन काळ्या सावल्या. ताईच्या डोक्यावर एक बट उभी राहिलेली. आणि माझ्या सावलीचा उजवा हात वर गेलेला, त्या बटेवर टेकलेला.

"तू हात उचललास?" ताई कुजबुजली.

"नाही गं..."

"मग हा..."

सावलीची बोटं हलली. हळूहळू ती बट चापून बसवू लागली. गुणगुण थांबली होती. ताईने माझी बाही घट्ट धरली.

"चल... बाहेर चल आधी..."

पण माझी नजर त्या बोटांवर खिळली. अंगठा जरा लांब, करंगळी वाकडी. कात्री धरून धरून झालेली ही ठेवण दुसऱ्या कुणाची असणार? मग मात्र माझं डोकंच फिरलं. हा इथे भिंतीवर मजा मारतोय आणि मी घरी याच्या नावाने सुतक धरून बसलेय!

मी भिंतीशी गेले. डाव्या हाताने उजवा उचलला आणि त्या काळ्या हातावर दाबून धरला. भिंत बर्फासारखी गार. आधी बोटांत मुंग्या आल्या, मग खांद्यापर्यंत ऊब चढत गेली. मी डावा हात काढून घेतला.

उजवा खाली पडला नाही.

वळून मी ताईची खरीखुरी बट चापून बसवली. ती ओक्साबोक्शी रडायला लागली, आणि मी इतकी मोठ्याने हसले की पहारेकरी धावत आला. त्याने बॅटरी मारली. सावल्या विरल्या होत्या, फक्त तो एक हात भिंतीवर तसाच होता. पहारेकरी बिचारा तो रुमालाने पुसत राहिला.

किल्ली कुणालाही दिली नाही. आज बघताय ना, बाहेर बाकावर बसायला जागा नाही.

अहो... डोळे उघडलेत का? सांगितलं होतं ना.

हो, तुमच्या अंगावरच्या पांढऱ्या कापडावर नुसत्या कात्रीचीच सावली हलते. हाताची पडत नाही, त्या दुपारपासून. न पडेना का! हात माझा आहे आणि दुकानही माझं आहे.

मान हलवू नका. मागची एक बट राहिलीय.