शुभेच्छुकांच्या रांगेत

व्यंकटला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो शिडीवर होता आणि माझ्या भावाला चौकात टांगत होता.

"अहो! खाली उतरा आधी!" मी स्कूटी तशीच आडवी घातली.

त्यानं मान वळवली. दातांत सुतळी धरलेली. "एक गाठ राहिलीय, मॅडम."

"गाठ गेली खड्ड्यात! हे काय लावलंय?"

फ्लेक्सवर आनंदराजअण्णाचा भलामोठा काळापांढरा फोटो होता. खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं, 'पत्रकार आनंदराज यांची सुटका करा.' पण लातुरात चौकात काळापांढरा फोटो लागला, की खालचं वाचतंय कोण? माणूस गेला, एवढंच लोकांना कळतं. तुरीची पोती नेणारा एक टेम्पो थांबला, ड्रायव्हरनं हात जोडले, "तरणाताठा होता हो," म्हणाला आणि गिअर टाकून निघून गेला. समोरच्या फुलवाल्या मावशींनी तर झेंडूचा हार आणून शिडीपाशी ठेवला होता.

"तो जिवंत आहे!" माझा आवाज चिरकला. "माझा अण्णा जिवंत आहे हो..."

शिडीवरच्या माणसानं दातांतली सुतळी काढून हातात घेतली. मग हळूच म्हणाला, "रंगीत फोटो मोठा केला की फुटत होता, धुरकट दिसत होता. म्हणून काळापांढरा केला. वाटलं, जरा भारदस्त दिसंल. चुकलं, मॅडम. लई चुकलं."

आणि बांधलेल्या गाठी तो एकेक करून सोडायला लागला. फ्लेक्स त्यानं खाली टाकला नाही. वरून गुंडाळत आणला, अण्णाच्या चेहऱ्यावर घडी पडणार नाही असा. मी रागानं पेटले होते, तरी हे माझ्या नजरेतून सुटलं नाही. मेले डोळे, नको तेव्हा नको ते बघतात.

अण्णा दिल्लीतल्या एका वृत्तसंस्थेत होता. परदेशात... देशाचं नाव आमच्या घरात कुणी घेत नाही, आमची आई, अव्वा, नुसतं 'तिकडं' म्हणते... तर तिकडं आपल्याकडचे बांधकाम मजूर कसे राहतात ते लिहायला गेला. त्यांच्या वस्तीचे फोटो काढले म्हणून त्याला धरलं. खटला नाही, तारीख नाही. मी इथं क्लासमध्ये केमिस्ट्री शिकवते. तास संपला, की दूतावासाला, मंत्रालयाला, जमेल त्याला मेल करत बसायची. आपला अर्ज मिळाला, एवढंच उत्तर यायचं. तो फ्लेक्सही मी सांगितलेला नव्हता. अण्णाचे शाळेतले दोस्त, रिक्षावाले जिलानीभाई, त्यांनी मायेनं करायला टाकला होता.

पण फ्लेक्स उतरायच्या आत त्याचा फोटो कुणीतरी स्टेटसला लावला आणि तो देवणीला, आमच्या गावाला, पोचलासुद्धा. दुसऱ्या दिवशी सकाळी मी एसटी स्टँडवर गेले, तर तिथं हा शिडीवाला उभा. इस्त्रीचा शर्ट, चापून बसवलेला भांग.

"तुम्ही कुठं?"

"देवणीला. माफी मागायला. चूक माझी, मार तुम्ही एकटीनं का खावा?"

"अव्वा मारत नाही."

"मग तर लई अवघड हाय," तो म्हणाला, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला हसू आलं. मी ते एसटीत चढून, खिडकीकडं तोंड करून लपवलं. दादला दिसला की लाजणाऱ्या नव्या नवरीसारखी मी खिडकी बघतेय, हे ध्यानात आल्यावर तर स्वतःचाच राग आला.

घरी ओसरीवर बायका जमल्या होत्या, डोळ्यांना पदर लावून. मधोमध अव्वा ताठ बसलेली. "माझा पोरगा हाय," ती प्रत्येकीला सांगत होती. "चहा घ्या अन् घरी जा."

व्यंकट तिच्या पाया पडला. "अव्वा, त्यो फोटो मीच छापला."

अव्वानं त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग म्हणाली, "ऊट आय्ता?"

तो गोंधळून माझ्याकडं बघायला लागला.

"जेवलात का, विचारतेय," मी म्हटलं. अव्वाचं माहेर उदगीरच्या पलीकडचं. तिला कुणाची माया आली, की तोंडात कानडी येतं. आता ह्याची कशी काय आली, ते तिचं तिलाच माहीत.

त्यानं खाली मान घालून भाकरी खाल्ली. अव्वानं आणखी एक ताटात टाकली आणि विचारलं, "बाळ, चौकात पुढाऱ्यांच्या वाढदिवसाचे बोर्ड तुम्हीच लावता न्हवं?"

"हाव."

"माझ्या पोराचा बी वाढदिवस येतोय पुढच्या महिन्यात. त्याचा लाव. रंगीत लाव."

व्यंकटचा घास हातातच राहिला. "लावतो, अव्वा."

आता वाढदिवसाचा फ्लेक्स म्हटलं, की खाली शुभेच्छुकांचे चेहरे पाहिजेत. त्याशिवाय आमच्याकडं त्याला फ्लेक्स म्हणत नाहीत. एका पुढाऱ्याचा माणूस व्यंकटच्या छपाईच्या दुकानात आला. साहेब पाठिंबा द्यायला तयार होते, फक्त साहेबांचा फोटो मोठा आणि अण्णाचा कोपऱ्यात.

"मशीन बंद हाय," व्यंकट शांतपणे म्हणाला. मागं मशीन खडखडत कुणाची तरी वास्तुशांत छापत होतं.

मग आम्ही ठरवलं, शुभेच्छुक कुणीही होईल, पण सगळ्यांचे फोटो सारख्या आकाराचे. दुकानासमोर पांढरी चादर टांगली, पुढं एक स्टूल ठेवलं. संध्याकाळी क्लास सुटले की माझे विद्यार्थी यायचे. आडत बाजारातले हमाल अंगावरची भुशी झटकून बसायचे. फुलवाल्या मावशी आल्या, बसल्या आणि रडल्याच. जिलानीभाईंच्या अम्मी बेगमबी पदर सारखा करत म्हणाल्या, "मला गोरी नको करू रे बाबा. आनंद वळखणार न्हाई."

माझं काम एकच. मोबाईलशेजारी उभं राहून सगळ्यांना सांगायचं, "इकडं सरळ बघा."

"तुम्ही बी हसा की जरा," फोटो काढता काढता व्यंकट म्हणायचा.

"माझा फोटो कालच झालाय."

"फोटोसाठी कोण म्हणून राहिलंय?"

शाईच्या वासानं ते दुकान भरलेलं असायचं. मला तो वास आवडायला लागला होता... आणि देवणीला घरी गेल्यावर, अण्णाच्या रिकाम्या खुर्चीकडं बघितलं, की त्याचीच लाज वाटायची.

शेवटच्या दिवशी मी म्हटलं, "तुमचाच राहिला."

त्यानं मोबाईल टेकवून टायमर लावला आणि पळत जाऊन स्टुलावर बसला. मी बाजूला उभी राहून केसांची क्लिप दातांत धरून केस बांधत होते. खटकन फोटो निघाला.

"पुन्हा काढा. तुम्ही मोबाईलकडं बघितलंच नाही."

"राहू द्या. प्रिंटला टाकायचंय." तो उठला, चादरीची घडी घालायला लागला, आणि घडी घालतच राहिला. "तनुजा मॅडम... एक बोलायचं होतं."

मला कळलं. जिला हे कळत नाही अशी मुलगी जन्माला यायचीय.

"आत्ता नको," मी म्हटलं. "तो तिकडं भिंतीकडं बघत बसलाय. मी इथं सुखाचं काही ऐकून कसं घेऊ? अण्णा आल्यावर बोला."

"अन् अण्णाला उशीर झाला तर?"

"तर उशिरा बोला."

त्यानं घडी केलेली चादर स्टुलावर ठेवली. मग म्हणाला, "बरं. दुकान काय पळून चाललंय?"

वाढदिवसाला चौकात केक आला. अव्वानं तो अण्णाच्या रंगीत फोटोसमोर कापला. वर, दिल्लीहून मागवलेल्या मोठ्या फोटोत, कोट घातलेला हसरा अण्णा, आणि खाली अख्खं लातूर, मंत्री नाही, संत्री नाही, नुसती माणसं. तो फोटो पेपरात आला, अण्णाच्या संस्थेनं देशोदेशीच्या पत्रकारांना पाठवला, आणि 'तिकडच्या' दूतावासात लोक फोन करून विचारायला लागले, ह्या माणसाला का धरलंय?

लगेच काही सुटला नाही तो. महिने गेले. उन्हानं फ्लेक्स विटला, की व्यंकट न सांगता नवा छापून लावायचा. "अण्णा फिका पडायला नको," एवढंच म्हणायचा. बोलायचं राहिलेलं त्यानं एकदाही काढलं नाही. मीच वाट बघायला लागले, त्याचं काय सांगू!

आणि एका दुपारी, मी फळ्यावर समीकरण लिहीत असताना, दिल्लीहून फोन आला. अण्णा सुटला. वकिलांनी सोडवला, की सरकारनं, की त्या सगळ्या विचारपुशीनं, मला माहीत नाही. मी खडू तसाच हातात घेऊन वर्गासमोर रडले, आणि पोरांनी बाकं बडवली.

सचखंड एक्सप्रेसनं तो नांदेडला उतरला. वाळला होता, दाढी वाढली होती. अव्वानं स्टेशनवर त्याच्या तोंडावरून हात फिरवला आणि विचारलं... काय विचारलं असेल? "ऊट आय्ता?" अण्णा खळखळून हसला आणि मग तिच्या खांद्यावर डोकं ठेवून तसाच उभा राहिला.

जीप व्यंकटनंच मागून आणली होती, चालवायलाही तोच. लोह्याला चहासाठी थांबलो. अव्वा मागच्या सीटवर झोपली होती. व्यंकट चहा सांगायला गेला, तसा अण्णानं खिशातून एक घड्या पडलेला कागद काढला. फ्लेक्सचा फोटो.

"आपल्या दूतावासाचा माणूस तुरुंगात भेटायला आला, त्यानं दिला. तुरुंगवाल्यांनी राहू दिला माझ्याजवळ," तो म्हणाला. "रोज एकेका चेहऱ्याशी गप्पा मारायचो, तनू. बेगमबीशी लई बोललो. सगळे सरळ बघतात. ह्यो एकच बघत न्हाई." त्यानं रांगेतल्या एका फोटोवर बोट ठेवलं. "हा कोण, अन् कुणाकडं बघून राहिला, ह्याचं मला कोडं पडलेलं. एवढा आनंद त्याच्या तोंडावर... वाईट दिवशी मी ह्याच्याकडंच बघायचो. कुठंतरी कुणीतरी सुखात हाय, एवढं तरी दिसायचं." मग तो टपरीकडं बघून मिश्कील हसला. "आज स्टेशनवर तू अव्वाला पाणी देत होतीस, तवा त्याचं तोंड बघितलं. कोडं सुटलं."

ज्या सुखाची मला लाज वाटत होती, त्याच्यावर माझ्या अण्णानं दिवस काढले होते.

व्यंकट कप घेऊन आला. अण्णा आपला कप उचलून अव्वाला उठवायच्या निमित्तानं जीपकडं गेला.

"अण्णा आले," व्यंकट चहाकडं बघत म्हणाला. "मग... आता बोलू का?"

"थांबा. आधी माझं काम ऐका. एक बोर्ड करायचाय."

"हाव. स्वागताचा न्हवं? तयार हाय."

"तो नाही. ह्याच्यावर दोनच फोटो. वर 'शुभविवाह' लिहायचं... आणि शुभेच्छुकांत सगळ्यात पहिला अण्णा."

त्यानं हातातला कप बाकड्यावर ठेवला. बराच वेळ तो माझ्याकडं बघत राहिला, अगदी त्या फोटोतल्यासारखा. मग गंभीर तोंड करून, धंद्याच्या आवाजात त्यानं विचारलं, "फोटो रंगीत, का काळापांढरा?"

"काळापांढरा करूनच बघ तू!" मी म्हटलं, आणि ह्या वेळी हसू लपवायला खिडकी शोधली नाही.