चौथी हाक

आमच्या घरात चपलांच्या स्टँडच्या वर, विजेच्या मीटरशेजारी, पत्र्याची एक पेटी आहे. तिच्यात नेटवर्कचा स्विच असतो. चोवीस भोकांचा, राखाडी, सतत बारीक घुरघुरणारा. द्वारका चौकामागच्या आमच्या सोसायटीतल्या सगळ्या कॉम्प्युटरांच्या निळ्या तारा गच्चीवरून, खिडक्यांच्या ग्रिलमधून, एके ठिकाणी तर जांभळाच्या फांदीवरून येऊन त्यात शिरतात. तिथून एक जाड काळी तार चौकातल्या दिनेशच्या केबलच्या दुकानात जाते. इथल्या लोकांचं इंटरनेट ते हेच.

हा सगळा पसारा मयुरेशने उभा केला, त्याच्या वणीच्या मित्राला, दिनेशला, हाताशी धरून. मग २००४ मध्ये मयुरेशला मस्कतची नोकरी लागली. मनू तेव्हा तीन महिन्यांची होती. दोन वर्षांचा करार होता. जाताना पेटीची किल्ली त्याने माझ्या हातावर ठेवली, आणि आई, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणाल्या, "बी.एस्सी. कॉम्प्युटर होऊन वरणाला फोडणी देतेस, त्यापेक्षा हे बघ."

मी बघायला लागले. मला तसंही बघत बसायची सवय आहे. मनू झोपली की तिच्या नाकाशी बोट धरून श्वास येतोय ना ते बघते. गॅसचं बटण दोनदा बघते. त्यात हे दिवे आले. ज्या भोकातली तार बोलते त्याचा हिरवा दिवा लुकलुकतो.

लग्नानंतरच्या पहिल्या दिवसांत, नवरे बायकांना सिनेमाला नेतात तसं मयुरेशने मला पेटीसमोर उभं करून समजावलं होतं. "स्विच पत्ते पाठ करून येत नाही, ज्यो. कोण कुठल्या भोकातून बोललं ते ऐकून ठेवतो, बस. कुणी पाच मिनिटं गप्प राहिलं की त्याला विसरतो. मग त्याच्यासाठी काही आलं, तर सगळ्या दारांशी ओरडतो, अमका आहे का? जो ओ देईल, त्याचं दार ते."

"आणि दोन दारांतून ओ आली तर?"

"एका पत्त्याला एकच दार. शेवटी जिथून ओ आली, ते खरं."

मस्कतच्या ऑफिसात त्याच्या टेबलाखाली एक जुनं मशीन असायचं. त्याला बाहेरून हाक मारता येईल अशी व्यवस्था त्याने माझ्यासाठी मुद्दाम करून ठेवली होती. फोन परवडत नव्हता. हेडफोन लावून कॉम्प्युटरवरून बोलणं फक्त शुक्रवारी दुपारी व्हायचं, कारण शुक्रवारी तिथे सुट्टी आणि ऑफिस रिकामं. बाकीच्या दिवशी मनू दुपारी झोपली की मी पिंग करायचे. पिंग म्हणजे नुसती हाक. आपण पत्ता द्यायचा, कॉम्प्युटर हाक मारतो, पलीकडचं मशीन ओ देतं, आणि ओ यायला किती वेळ लागला तो आकडा पडद्यावर उमटतो. त्यात शब्द नसतात, खुशाली नसते. तरी मला पुरायचं. तो होता, एवढं कळायचं.

वेगळं काही सांगितलं नाही, तर विंडोज अशा चार हाका मारतं.

हे इथे लिहायचं कारण, आमच्या सासरची एक पद्धत. आई कुणालाही तीनदाच हाक मारतात. तिसरीला ओ आली नाही, तर हातातलं काम टाकून स्वतः बघायला जातात, चौथी हाक मारत नाहीत. आई निफाडच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. शनिवारी नखं कापतात, अमावास्येला प्रवासाला निघतात. अशा बाईला हे कसं, म्हणून एकदा मी विचारलंच.

"अगं, माझ्या सासूबाईंचं खूळ," त्या हसून म्हणाल्या. "चौथ्या हाकेला रस्ता उघडतो म्हणायच्या. कसला रस्ता, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. अंगवळणी पडलं, झालं."

मीही हसले होते. कॉम्प्युटरला तीनच हाका मारायला सांगता येतं. मला ते कधी सुचलं नाही.

दोन वर्षं संपत आली तेव्हा, मार्चमध्ये, मयुरेशने सांगितलं की करार आणखी एका वर्षाने वाढवलाय. सांगताना तो खूप वेळ चपाती कशी लाटायची ते विचारत राहिला. त्या दिवशी हेडफोन काढला आणि मी पिंग लावलं, ते बंदच केलं नाही. हाका थांबू नयेत अशी सोय असते, ती वापरली. मनू खेळत होती, कुकर शिट्ट्या देत होता, आणि कोपऱ्यात कॉम्प्युटर हाका मारत होता. एकेक ओ येत होती. घरात माणूस वावरतंय असं वाटत होतं.

पुढच्या आठवड्यात ओ लवकर यायला लागली.

वाटेतले थांबे दाखवणारी एक आज्ञा असते. पूर्वी ती लांबलचक यादी दाखवायची. दिनेशचं दुकान, मुंबई, मग एक मोठी उडी, म्हणजे समुद्र, मग पलीकडची परकी नावं, आणि शेवटी तो. मी ती यादी रोज वाचायचे, एस.टी.च्या पाटीवरची गावं वाचावीत तशी. आता पलीकडची नावं गळाली होती. रस्ते बदलतात, त्यात नवल नाही. पण समुद्र ओलांडायला जो वेळ लागतो तो कुणालाच चुकवता येत नाही, आणि तो वेळ लागतच नव्हता. मुंबईतून ओ यावी तशी ती येत होती.

मी शुक्रवारी विचारलं. "तू कुठे आहेस?"

"कुठे असणार? खुर्चीत." तो हसला. "का, दारात आलोय असं वाटतंय?"

मला तसंच वाटत होतं. मी ते बोलले नाही. बोलले असते तर त्याने काहीतरी केबलचं कारण सांगितलं असतं आणि माझा आनंद गेला असता. हो, आनंदच. यादी रोज आखूड होत होती आणि मी लग्न ठरलेल्या मुलीसारखी घरभर फिरत होते. आईंनी एकदा पडद्याकडे बघून विचारलं, "किती हाका मारतेस गं त्याला?" मी म्हटलं, "मी नाही, मशीन मारतंय." त्या दिवशी त्या भजनाला गेल्या नाहीत. मनूजवळ बसून राहिल्या.

एप्रिलच्या सुरुवातीला यादीत एकच ओळ उरली. मयुरेशचा पत्ता. मध्ये कुणी नाही.

मी दिनेशला बोलावलं. त्याने चपला दाराबाहेर काढल्या, खुर्चीवर चढून पेटी उघडली, लॅपटॉप जोडला आणि बराच वेळ मान वर केली नाही.

"वहिनी, हे लय विचित्र हे," तो शेवटी म्हणाला. "मयुरेशचं मशीन ह्याच स्विचवर दिसतंय. एकविसाव्या भोकात."

एकविसाव्या भोकात तार नव्हती. कधीच नव्हती. त्याचा दिवा लुकलुकत होता.

दिनेशने त्यात करंगळीचं टोक घालून पाहिलं, लहान मूल घालेल तसं. मग बोट पटकन काढून शर्टाला पुसलं.

"काय झालं?"

"नाय, काही नाय. गार हे जरा." तो खाली उतरला. "दुकानातून मी पिंग करतो ना, तर बरोबर मस्कतला जातंय. फक्त तुमच्या घरातूनच असं. तुम्ही ते हाका मारणं बंद करा बरं. पाच मिनिटं गप्प राहिलं की विसरून जाईल तो."

मी बरं म्हटलं. तो गेल्यावर कॉम्प्युटरसमोर जाऊन बसले. पाच मिनिटं म्हणजे काहीच नव्हे. पण तो दारापर्यंत आला होता आणि मला त्याच्या तोंडावर दार लावायचं होतं. मला ते जमलं नाही.

त्याच सुमाराला मनूची दुपारची झोप जड होऊ लागली.

तेव्हा दुपारी भारनियमन असायचं. पंखा बंद, खिडकीतून आग्रा रोडवरच्या ट्रकांचा धूर, भिंती तापलेल्या. माझ्या पाठीला ब्लाउज चिकटायचा. फक्त पेटी बॅटरीवर चालू राहायची, आणि कॉम्प्युटर इन्व्हर्टरवर. अशा एका दुपारी सवयीने मनूच्या नाकाशी बोट धरलं, तर श्वास गार लागला. तळवे पाहिले. गार. केसांतून हात फिरवला, तर केस एसीच्या खोलीतून आल्यासारखे थंड आणि कोरडे होते. त्यांना नव्या गालिच्याचा वास येत होता. आमच्या घरात गालिचा नाही.

आईंना दाखवलं. त्यांनी मनूचे दोन्ही तळवे आपल्या हातांत धरून चोळले. "अंगात ताप नाही," एवढंच म्हणाल्या. मनू जागी झाल्यावर आम्हा दोघींकडे ती जरा वेळ अनोळखी नजरेने बघत राहिली. मग दूध मागितलं.

डॉक्टरांना मुलगी ठणठणीत वाटली. "हिची आई फार काळजी करते," असं ते आईंकडे बघून म्हणाले.

शुक्रवारी मनू झोपली. आई तिच्याशेजारी विणलेला पंखा हलवत बसल्या. मी बाहेरच्या खोलीत हेडफोन लावला.

पलीकडे मयुरेश होता. नुसता श्वास ऐकू येत होता.

"मयुरेश?"

"हळू बोल," तो म्हणाला. त्याचा आवाज ओला होता. "हळू. घाबरेल ती."

"कोण?"

"चार-पाच दिवस झाले, ज्यो. दुपारचीच येते. टेबलाखाली. मला आधी वाटलं, भास. आज मी खाली बघितलंच नाही, उगाच निघून जाईल म्हणून. माझी पँट धरून उभी आहे." तो थांबला. "तळवे किती गरम असतात गं तिचे."

मी वळून आतल्या खोलीकडे बघितलं; आईंचा पंखा हलत होता.

"मी तिला तीन महिन्यांची बघितली," तो म्हणाला. "तू लाइन तोडू नकोस. एवढं कर. थोडा वेळ."

तेव्हा मला कळलं. येत कुणीच नव्हतं. मधलं अंतर तेवढं संपत होतं, आणि जो रस्ता त्याच्यापासून आमच्या दारापर्यंत आला होता, तो आमच्या दारापासून त्याच्यापर्यंतही गेला होता.

मी हेडफोन फेकला. पेटी उघडली. स्विचची पिन बॅटरीतून उपटली.

सगळे दिवे गेले. घुरघुर थांबली.

आतून पंख्याचा आवाजही थांबला.

"ज्योत्स्ना," आई म्हणाल्या. मग ओरडल्या, "ज्योत्स्ना! अगं, ही श्वास घेत नाहीये!"

मी पिन परत खुपसली. दिवे सगळे एकदम लागले, मग विझले, मग एकेक करून उगवायला लागले. एकविसावा काळाच. नव्याने सुरू झालेल्या स्विचला कुणीच आठवत नसतं. त्याला हाक ऐकवावी लागते.

मी कॉम्प्युटरकडे धावले. आत आई मनूचं नाव घेत होत्या. एकदा. दोनदा.

पत्ता नव्याने टाकला.

पहिली हाक. ओ नाही.

दुसरी. नाही.

आतून आईंचा आवाज आला, "मनू!" तिसऱ्यांदा. मग त्या गप्प झाल्या.

पडद्यावर तिसरी हाक गेली. नाही.

मी हात जोडले होते की नाही, आठवत नाही.

चौथीला ओ आली.

एकविसावा दिवा लागला, आणि आत मनूने पाण्यातून वर आल्यासारखा मोठा श्वास घेतला.

आई दारात आल्या. त्यांनी पडद्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "थांबवू नकोस आता," त्या म्हणाल्या, आणि मला ताट वाढायला स्वयंपाकघरात गेल्या.

तेव्हापासून हाक चालू आहे. आम्ही दुसरी बॅटरी आणली. पेटीची किल्ली आई कनवटीला ठेवतात. मनू आता धावते, घडाघडा बोलते, दुपारी जेवली की स्वतःहून उशी घेऊन येते. शुक्रवारी मयुरेश मला सांगतो, आज तिने काय काय केलं ते. मी ऐकून घेते. करार संपल्यावर तो परत येईल, आणि मग बघू, असं आई आणि मी एकमेकींना म्हणतो.

काल दुपारी जेवणं उरकली होती. मनूचा नुकताच डोळा लागला होता. आई दळण आणायला गेल्या होत्या, आणि दिवे बघायला उघडलेली पेटी जाताना घाईत तशीच राहिली होती. घराचं दार नुसतं लोटलेलं होतं. मी भांडी विसळून बाहेर आले, तर दिनेश खुर्चीवर चढलेला. काखेत नव्याकोऱ्या स्विचचं खोकं.

"असू द्या वहिनी, तुम्ही बसा," तो पिनेला हात घालत म्हणाला. "दोन मिनिटं लाइन बंद राहील फक्त. कुणाला कळणार पण नाय."