सोळास एक

सत्तावन्न साली ठाकूरद्वारच्या नानांच्या छापखान्यात निवडणुकीसाठी समितीच्या पत्रकांचा नुसता ढीग पडला होता. त्या गडबडीत हेरंब प्रुफं तपासणाऱ्या नलूलाच मॅनेजर समजून तिच्या टेबलाशी आला आणि ग्रीसनं माखलेला हात तिच्या स्वच्छ प्रुफावर टेकवून मोकळा झाला. नलूचा पारा चढला. चिंचपोकळीच्या कारखान्यात डिझेल इंजिनं तपासणारा हा माणूस त्यांवर चक्क मराठीत पुस्तिका काढणार होता!

पण तीच पुस्तिका तपासताना ती अडली.

"कॉम्प्रेशन रेशो सोळास एक... म्हणजे सोळा काय?"

"सोळा भाग हवा एका भागाच्या जागेत कोंबायची."

"आमच्या चाळीतल्या खोलीसारखी?"

"अगदी! कोंबली की हवा तापते, तेल पेटतं, ताकद मिळते. आणखी कोंबली तर ताकद वाढते थोडी. पण पिस्टनच्या रिंगा सिलिंडरवर जास्त घासतात. मिळवलेलं सगळं घर्षणातच जातं."

"म्हणजे उगाच जोर लावू नये."

"म्हणून तर मी... लावत नाही," तो तिच्याकडे बघत म्हणाला.

नलूनं मान खाली घातली, पण कान लाल व्हायचे ते झालेच. हा माणूस तिला आवडू लागला होता. इकडे दादरचं एक स्थळ पाहून गेलं होतं, रविवारी बाबा होकार कळवणार होते, आणि हा गृहस्थ पुढे काही बोलेना!

तिसऱ्या प्रुफात चुका निघाल्या, चौथ्यातही निघाल्या. शेवटी तिनं नीट पाहिलं – चांगलं छापलेलं 'सोळास एक' खोडून हेरंबनंच 'साठास एक' केलं होतं.

"हे मुद्दाम केलंत?"

"हो," तो ओशाळला. "एकदा प्रुफावर 'छापावे' लिहून सही केली, की मला इथं यायला निमित्त काय उरणार?"

तिला राग आला, आणि फार बरंही वाटलं.

"हे वाचून लोक इंजिनं जुळवतील. माझ्यासाठी चुकीचं छापायचं नाही. लिहा, छापावे!"

त्यानं आकडा सुधारला, सही केली.

"आता?"

"आता बाबांना भेटायला या. रविवारच्या आत. मला... तुम्हीच हवे आहात."



"उद्याच येतो. सहाला?"

"पाचला या," नलू म्हणाली. "सहाला बाबा सभेला जातात."